ब्लेंडरचा रेंडर फार्म फ्लॅमेंकोवर: उभारणी, चंकचा हिशेब आणि हमखास अडणाऱ्या जागा

फ्रेमगाडी

छोट्या स्टुडिओत किंवा अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेच्या लॅबमध्ये सात-आठ चांगली मशीन असतात आणि संध्याकाळनंतर ती रिकामी पडून राहतात. ती नेटवर्कवर जोडून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे शॉट रेंडर करायचे असतील, म्हणजे त्यांच्या फ्रेमची चित्रं काढायची असतील, तर ते काम मशीनमध्ये वाटून देणारं फ्लॅमेंको वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लेंडर स्टुडिओ स्वतः ते बनवतो आणि वापरतो, फुकट आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या तिसऱ्या मालिकेपासून मांडणी इतकी सुटसुटीत झाली आहे की एका दुपारी फार्म उभा राहतो. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि गूगल यांनी २०१९ मध्ये खुलं केलेलं, याच कामाचं ओपनक्यू ताकदीचं आहे, पण आठ मशीनसाठी एवढा पसारा लागत नाही.

धाग्यात सगळीकडे एकच उदाहरण धरू, म्हणजे आकडे पडताळता येतील: ३० सेकंदांचा शॉट, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. एका फ्रेमला ६ मिनिटं. एका मशीनवर ७५ तास. सारख्या ताकदीच्या ८ मशीनवर कागदोपत्री ९ तास २२ मिनिटं. हा कागदावरचा आकडा प्रत्यक्षात का येत नाही, हाच या धाग्याचा विषय समजा.

रचना तीन भागांची. एका मशीनवर मॅनेजर चालतो: तो जॉब घेतो, त्याचे टास्क पाडतो, कोणाला काय दिलं याची नोंद ठेवतो. बाकीच्यांवर वर्कर: तो टास्क मागतो, ब्लेंडर पडद्यामागे चालवतो, फ्रेम लिहितो. तिसरा भाग म्हणजे सर्वांना दिसणारा शेअर्ड फोल्डर. लोक पहिल्या दोन भागांवर वेळ घालवतात. फार्म अडतो तो बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे.

म्हणून सुरुवात तिथून करा. फोल्डर नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) किंवा एखाद्या लिनक्स मशीनवर ठेवा. साध्या विंडोज १० किंवा ११ वरचं शेअरिंग एका वेळी २० जोडण्यांपर्यंतच चालतं. आठ मशीनला पुरतं, पण लॅबमध्ये पंचवीस मशीन असतील तर तिथेच गाडी थांबेल. विंडोजच्या वर्करवर फोल्डर ड्राइव्ह लेटरनं जोडा, उदाहरणार्थ सगळीकडे एस ड्राइव्ह. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पाथ टाळा. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्हसारखे सिंक होणारे फोल्डर तर अजिबात नकोत: वर्करनं फ्रेम लिहिली आणि ती दुसऱ्या मशीनवर केव्हा पोचेल याचा नेम नाही, त्यामुळे टास्क 'पूर्ण' दिसतो आणि फाइल जागेवर नसते.

मग मॅनेजर चालवा. पहिल्या वेळी ब्राउझरमध्ये सेटअप उघडतो, तो शेअर्ड फोल्डर आणि ब्लेंडर कुठे आहे ते विचारतो. पोर्ट ८०८०, फायरवॉलमध्ये तो मोकळा करा. वर्कर मॅनेजरला नेटवर्कवर आपोआप शोधतो, पण मधे दुसरा राउटर असेल किंवा विंडोजनं नेटवर्क 'पब्लिक' धरलं असेल तर शोध फसतो. अशा वेळी शोधाशोध न करता वर्करच्या सेटिंग फाइलमध्ये मॅनेजरचा पत्ता हातानं लिहा, आणि त्या मशीनला राउटरवर कायमचा आयपी बांधून द्या.

अ‍ॅड-ऑन मॅनेजरच्याच वेबपानावरून उतरवता येतं. ब्लेंडरच्या प्रेफरन्समध्ये मॅनेजरचा पत्ता द्या, आउटपुटच्या टॅबमध्ये फ्लॅमेंकोचं पॅनेल येईल, 'सिंपल ब्लेंडर रेंडर' निवडा आणि जॉब पाठवा. पण सगळा शॉट लगेच पाठवू नका. आधी ८-१० फ्रेमचा जॉब लावा, चंक (एका टास्कमधल्या फ्रेमची संख्या) १ ठेवा, आणि प्रत्येक वर्करनं किमान एक फ्रेम काढली आहे ना हे पाहा. पहिल्या वेळी ऑप्टिक्सचे (एनव्हिडिया कार्डवर रेंडर करण्याच्या पद्धतीचे) कर्नल तयार व्हायला काही मिनिटं जातात. ती याच चाचणीत जाऊ द्या. मग सगळ्यांच्या फ्रेम शेजारी ठेवून बघा. इथे घालवलेली वीस मिनिटं रात्र वाचवतात.

---

कुंचला

छान धागा. एक शंका: घरच्या मशीनवर बरोबर दिसणारा सीन फार्मवर बिघडतो, त्याची कारणं सविस्तर लिहाल का? कॅरेक्टरचे हात वेगळ्याच जागी, एखादं टेक्श्चर गुलाबी, असं काहीबाही होतं.

---

फ्रेमगाडी

@कुंचला, गुलाबी टेक्श्चर म्हणजे फाइल सापडली नाही. तुमच्या मशीनवर इमेज डी ड्राइव्हच्या कुठल्याशा फोल्डरात होती, वर्करकडे डी ड्राइव्हच नाही. फाइल मेन्यूतून सर्व पाथ रिलेटिव्ह करा, म्हणजे ब्लेंड फाइलच्या जागेपासून मोजलेले. मेख अशी की विंडोजवर ब्लेंड फाइल एका ड्राइव्हवर आणि टेक्श्चर दुसऱ्यावर असेल तर रिलेटिव्ह पाथ होऊच शकत नाही, ब्लेंडर तो तसाच सोडून देतं. म्हणून प्रोजेक्ट पहिल्या दिवसापासून शेअरवर, एकाच मूळ फोल्डरखाली ठेवावा. लिंक केलेल्या कॅरेक्टर फाइलच्या आतले पाथसुद्धा तपासा. वरची फाइल नीट आणि आतली बिघडलेली, हे वारंवार दिसतं.

हात वेगळ्या जागी याचं मुख्य कारण पायथनचे ड्रायव्हर, म्हणजे रिगची (कॅरेक्टर हलवणाऱ्या सांगाड्याची) हालचाल ठरवणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट. सुरक्षेसाठी ब्लेंडर फाइलमधली स्क्रिप्ट आपोआप चालवत नाही. तुमच्या मशीनवर तुम्ही कधीतरी परवानगी दिलेली असते. फ्लॅमेंकोच्या मूळ सेटिंगमध्ये ब्लेंडरला परवानगी देणारा पर्याय जोडलेला असतो. कोणी ती ओळ बदलताना तो उडवला की रिग मोडतं. दुसरं कारण अ‍ॅड-ऑन. रिग एखाद्या अ‍ॅड-ऑनवर चालत असेल तर ते प्रत्येक वर्करवर हवं.

---

नॉइजकमी

कुंचला यांच्या यादीत भर घालतो, कारण सर्वांत महाग चूक वेगळीच आहे: बेक न केलेलं, म्हणजे आधीच मोजून फाइलमध्ये (कॅशेत) साठवून न ठेवलेलं सिम्युलेशन.

कापड, धूर, पाणी, केस, कण, जिऑमेट्री नोड्समधले सिम्युलेशन झोन, या सगळ्यांत ३०० व्या फ्रेमची स्थिती २९९ व्या फ्रेमवर अवलंबून असते. वर्करला मात्र थेट ३०१ ते ३१० असा तुकडा मिळतो. मागचा इतिहास त्याच्याकडे नसतो. मग प्रत्येक चंकच्या सुरुवातीला कापड उडी मारतं किंवा धूर पुन्हा शून्यापासून निघतो. व्हिडिओत दर दहा फ्रेमना झटका दिसला तर दुसरं काही शोधू नका, कॅशे बघा. बेक डिस्कवर करा, कॅशेचा फोल्डर ब्लेंड फाइलच्या शेजारी शेअरवर ठेवा, पाथ रिलेटिव्ह ठेवा. बेक केल्यावर फाइल सेव्ह करून मगच जॉब पाठवा.

रंगाचं पाहा. ब्लेंडरची आवृत्ती सगळीकडे एकच हवी, शेवटच्या आकड्यापर्यंत. ४.० पासून नव्या फाइलचा मूळ व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे दिसतील ते ठरवणारी सेटिंग) फिल्मिकऐवजी एजीएक्स झाला. जुन्या आवृत्तीला एजीएक्स माहीत नाही, त्यामुळे एका वर्करवर ३.६ राहिलं असेल तर त्याच्या फ्रेम वेगळ्या उजेडाच्या येतील. तसंच एखाद्या मशीनवर दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी ओसीआयओचं (रंगांच्या नियमांची फाइल दाखवणारं) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेलं असेल तर ब्लेंडर ते उचलतं. आठातल्या एकाच मशीनचे रंग वेगळे येत असतील तर हे तपासा.

एका शॉटमध्ये सीपीयू आणि जीपीयू वर्करची सरमिसळही टाळतो. फरक अगदी बारीक असतो, पण डीनॉइझ केल्यावर (चित्रातले दाणे पुसल्यावर) सपाट भिंतीवर फ्रेमगणिक हलका थरथराट दिसू शकतो. फ्लॅमेंकोत वर्करना टॅग देता येतात. जीपीयूच्या मशीनना एक टॅग द्या आणि जॉब त्याच टॅगवर पाठवा.

---

सहावी_खिडकी

चंक किती ठेवावा? मूळचा एक ठेवला तर काय बिघडतं? मशीन सगळी कामात दिसतात.

---

तांब्याची_तार

@सहावी_खिडकी, कामात दिसतात, पण बरीचशी वाट बघत असतात. धागाकर्त्यांच्याच उदाहरणात हिशेब करू. समजा सीनमध्ये ३ जीबीची टेक्श्चर आणि कॅशे आहेत. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, आणि नॅसची एकच केबल सगळ्यांना पुरवते. आठही वर्कर एकदम सुरू झाले की २४ जीबी ओढली जातात, म्हणजे साडेतीन मिनिटं रेंडर सुरूच नाही. चंक १ असेल तर हे दर फ्रेमला: ७५० गुणिले ३ जीबी म्हणजे २,२५० जीबी. ११० एमबीच्या वेगानं ती केबल ५ तास ४० मिनिटं भरलेली राहते. ९ तासांच्या कामात!

चंक १० केला तर ७५ वेळाच लोड, २२५ जीबी, म्हणजे सुमारे ३४ मिनिटं. नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी हा भागाकार करून बघावा. नॅस आणि स्विच यांच्यामधला एकच दुवा १० गिगाबिटचा केला तर वर्करकडचे गिगाबिट पोर्ट तसेच ठेवूनही मोठा फरक पडतो, फक्त नॅसमध्ये फिरणाऱ्या डिस्कऐवजी एसएसडी हव्यात. वायफायवर वर्कर ठेवू नका.

---

नॉइजकमी

वरच्या हिशेबात एक दुरुस्ती. चंक १० केल्यानं ब्लेंडर एकदाच उघडतं हे खरं, पण परफॉर्मन्सच्या पॅनेलमधला 'पर्सिस्टंट डेटा' बंद असेल तर सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) प्रत्येक फ्रेमनंतर सीन सोडून देतं आणि टेक्श्चरच्या फाइल पुन्हा वाचतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेमुळे थोडं वाचतं, पण शेअरवरच्या फाइलबाबत त्यावर विसंबू नये. ३४ मिनिटांचा आकडा हवा असेल तर हा पर्याय चालू करा.

त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. ४०९६ बाय ४०९६ चं ८ बिटचं एक टेक्श्चर मेमरीत ६४ एमबी घेतं, पीएनजी फाइल डिस्कवर कितीही लहान असली तरी. ८के असेल तर २५६ एमबी. एका कॅरेक्टरला रंग, रफनेस, नॉर्मल अशी तीन ८के टेक्श्चर म्हणजे पाऊण जीबी. ८ जीबीच्या कार्डवर अशी दहाएक कॅरेक्टर आली की जागा संपते आणि त्या वर्करचे टास्क पडायला लागतात. लांबून दिसणाऱ्या कॅरेक्टरला २के पुरतं. 'सिंप्लिफाय'मध्ये टेक्श्चरची मर्यादा घालता येते.

---

तांब्याची_तार

बरोबर, ते सुटलं होतं. धन्यवाद.

---

फ्रेमगाडी

चंक वाढवत नेला की दुसऱ्या टोकाला नुकसान होतं, तेही मांडतो. ७५० फ्रेम, ६ मिनिटं, ८ मशीन. चंक ५ असेल तर १५० टास्क, प्रत्येकी अर्धा तास, १९ फेऱ्या: साडेनऊ तास. चंक १० ला ७५ टास्क, दहा फेऱ्या: दहा तास. चंक ४० केला तर १९ टास्क, प्रत्येकी चार तास. तिसऱ्या फेरीत फक्त तीन मशीन कामात आणि पाच मोकळी, एकूण बारा तास. शिवाय चंकच्या ३८ व्या फ्रेमवर ब्लेंडर कोसळलं तर अख्खा टास्क पुन्हा पहिल्यापासून. माझा ठोकताळा असा की एक टास्क २० ते ६० मिनिटांत आटपावा. मशीन कमी-अधिक ताकदीची असतील तर २० च्या जवळ राहा, नाहीतर सगळ्यांत संथ मशीन शेवटचा तुकडा धरून बसतं.

---

मोकळी_लॅब

आमच्याकडे काही मशीन विंडोज, काही लिनक्स. पाथ वेगळे. फ्लॅमेंको सांभाळतं का?

---

फ्रेमगाडी

सांभाळतं, अर्धंच. मॅनेजरच्या सेटिंगमध्ये दोन्ही दिशांनी चालणारं व्हेरिएबल असतं: विंडोजसाठी एस ड्राइव्ह, लिनक्ससाठी माउंट केलेला फोल्डर, अशी जोडी लिहायची. विंडोजवरून पाठवलेला जॉब लिनक्सच्या वर्करला त्याच्या पाथनं मिळतो. पण हे बदल जॉबच्या आदेशापुरतेच. ब्लेंड फाइलच्या आत लिहिलेले पाथ ते बदलत नाही. तिथे रिलेटिव्हशिवाय मार्ग नाही.

लिनक्सवर लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जातो. फाइलचं एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये आणि ब्लेंडरमधला पाथ स्मॉलमध्ये असेल तर विंडोजवर टेक्श्चर दिसतं, लिनक्सवर गुलाबी. आणि फोल्डरची नावं देवनागरीत किंवा मधे जागा सोडून ठेवू नका. ब्लेंडर स्वतः ती वाचतं, पण बाजूच्या स्क्रिप्ट आणि टूल कुठे अडखळतील सांगता येत नाही. शॉटच्या मराठी शीर्षकाचा मजकूर मेशमध्ये बदलून टाका, म्हणजे फाँट प्रत्येक मशीनवर असण्याची गरजच उरत नाही.

---

मोकळी_लॅब

वर्कर विंडोज सर्व्हिस म्हणून लावला तर एस ड्राइव्ह सापडत नाही म्हणतो. हातानं चालवला की चालतो.

---

तांब्याची_तार

ड्राइव्ह लेटर ज्या युजरनं जोडलं त्याच्याच लॉगिनपुरतं असतं. सर्व्हिस वेगळ्या खात्यातून चालते, तिला एस ड्राइव्ह माहीतच नसतो. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केल्यावरही हेच होतं. रेंडरसाठी एक साधं खातं करा, मशीन सुरू झाल्यावर त्यात आपोआप लॉगिन होऊ द्या आणि वर्कर स्टार्टअपमध्ये ठेवा. ईव्हीनं (ब्लेंडरच्या दुसऱ्या, झटपट रेंडर इंजिननं) रेंडर करणार असाल तरी हेच बरं, कारण त्याला ग्राफिक्सचं चालू सेशन लागतं.

विंडोजची झोप बंद करा आणि अपडेटच्या वेळा आवरा. दिवसा कलाकार त्याच मशीनवर काम करत असतील तर मॅनेजरमध्ये प्रत्येक वर्करचं झोपेचं वेळापत्रक ठरवता येतं, वार आणि वेळेसकट. सकाळी दहा ते संध्याकाळी सात झोप, नंतर काम.

विजेचंही बघा. लोडवर मशीनमागे ४५० वॅट धरले तर आठांचे ३.६ किलोवॅट. २३० व्होल्टवर जवळजवळ १६ अँपिअर, म्हणजे एका मोठ्या सॉकेटची सगळी ताकद. एका एक्स्टेन्शन बोर्डवर हे टाकू नका. दोन वेगळ्या सर्किटवर वाटा आणि तारेची जाडी वायरमनकडून तपासून घ्या. तेवढीच उष्णता खोलीत सुटते: सुमारे १२,३०० बीटीयू ताशी. एक टनाचा एसी १२,००० काढतो, म्हणजे तो पुरत नाही. दीड टनाचा घ्या. रात्रभराची वीज ३४ युनिटच्या आसपास.

यूपीएस सगळ्यांना परवडत नाही आणि गरजही नाही. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, रेंडर करणारं मशीन त्यावर टिकणार नाही. तो मॅनेजर, नॅस आणि स्विच यांना द्या. वर्कर बंद पडला तर मॅनेजर मिनिटाभरात त्याची वाट बघणं सोडतो आणि टास्क पुन्हा रांगेत टाकतो. बायॉसमध्ये 'वीज आल्यावर सुरू हो' ही सेटिंग लावली की वर्कर परत येऊन आपोआप कामाला लागतो. नॅसवर लिहिणं चालू असताना वीज गेली तर मात्र फाइल खराब होतात.

---

सहावी_खिडकी

सकाळी बघतो तर एक वर्कर मोकळा, जॉब चालू, आणि वर्करचं नाव ब्लॉकलिस्टमध्ये. हे काय?

---

फ्रेमगाडी

त्या मशीनवर त्या जॉबचे तीन टास्क पडले की मॅनेजर त्याला त्या प्रकारच्या कामातून बाजूला ठेवतो. हे चांगलंच आहे, नाहीतर बिघडलेलं मशीन टास्क पटापट पाडत राहतं. उलट एकच टास्क तीन वेगवेगळ्या वर्करवर पडला तर दोष फाइलचा, मशीनचा नाही. लॉग उघडा, शेवटच्या वीस ओळी वाचा. मेमरी संपली, फाइल सापडली नाही, डिस्क भरली, यांपैकी काहीतरी दिसेल. दुरुस्त करून ब्लॉकलिस्टमधून नाव काढा आणि टास्क पुन्हा रांगेत टाका.

दुसरी गोष्ट, १० मिनिटं टास्ककडून काहीच हालचाल कळली नाही तर मॅनेजर तो अडकला असं धरतो. जड सीनमध्ये पहिल्या सॅम्पलआधी ब्लेंडर बराच वेळ गप्प असतं. अशा शॉटसाठी ही मर्यादा सेटिंग फाइलमध्ये ३० मिनिटांपर्यंत वाढवा.

आणि मॅनेजरला लॉगिन नाही, पासवर्ड नाही. जो त्या पानावर पोचला तो तुमच्या सगळ्या मशीनवर हवी ती स्क्रिप्ट चालवू शकतो. राउटरवर ८०८० बाहेर उघडू नका. घरून बघायचं तर व्हीपीएन.

---

कुंचला

दोनच मशीन असतील तर एवढं सगळं करायला हवं का?

---

नॉइजकमी

नको. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद करा, 'प्लेसहोल्डर्स' चालू करा, आणि शेअरवरची तीच फाइल दोन्ही मशीनवर उघडून अ‍ॅनिमेशन रेंडर लावा. प्रत्येक मशीन फ्रेम सुरू करताना रिकामी फाइल तयार करतं आणि दुसरं ती बघून पुढच्या फ्रेमवर जातं. मशीन मधेच बंद पडलं तर त्याची शून्य बाइटची फाइल तशीच राहते आणि पुढे कोणीच ती फ्रेम काढत नाही. फोल्डर आकारानं लावा, शून्याच्या फाइल उडवा, पुन्हा चालवा.

---

सहावी_खिडकी

आउटपुट थेट एमपी४ ठेवता येईल का?

---

नॉइजकमी

फार्मवर नाही. आठ मशीन एकाच व्हिडिओ फाइलमध्ये लिहू शकत नाहीत. नेहमी इमेज. कंपोझिटिंग (रेंडरनंतर चित्राचे थर जुळवणं) करायचं नसेल तर पीएनजी, करायचं असेल तर जास्त तपशील साठवणारं ईएक्सआर. १९२० बाय १०८० ची हाफ फ्लोटमधली चार चॅनेलची फ्रेम न दाबता १६.६ एमबी, म्हणजे ७५० फ्रेमना सुमारे साडेबारा जीबी. पास (सावली, चकाकी असे वेगळे काढलेले थर) वाढले की त्याच पटीत. जॉब लावण्याआधी शेअरवर याच्या दुप्पट जागा मोकळी हवी. डीडब्ल्यूएए कॉम्प्रेशननं जागा खूप वाचते, पण क्रिप्टोमॅट (प्रत्येक वस्तू वेगळी निवडू देणारा पास) असेल तर ते वापरू नका: त्यातले आकडे ओळखपत्रासारखे असतात, जराही बदलले की मास्क फाटतो. त्याला ३२ बिट आणि झिपच.

पीएनजीचा जॉब संपल्यावर फ्लॅमेंको बघण्यापुरता व्हिडिओ स्वतः बनवतं, ईएक्सआरचा बनवत नाही. अंतिम व्हिडिओ एफएफएमपेग या टूलनं काढताना तीन गोष्टी पाहा. सेकंदाला किती फ्रेम हे इनपुटच्या आधी लिहा, नंतर लिहिलं तर इनपुट २५ च्या मूळ वेगानं वाचलं जातं आणि शॉटचा वेग वेगळा असेल तर फ्रेम दुप्पट होतात किंवा गळतात. पिक्सेल फॉरमॅट ४:२:० द्या, नाहीतर काही टीव्ही आणि फोनवर तो चालतच नाही. त्यासाठी लांबी-रुंदी सम आकड्यात हवी. आणि मधली एखादी फ्रेम गहाळ असेल तर एफएफएमपेग तिथेच थांबतं, पुढचं न घेता. व्हिडिओ ३० ऐवजी १२ सेकंदांचा निघाला तर ३०० च्या आसपास हरवलेली फ्रेम शोधा. अर्धवट लिहिलेल्या फाइल पकडायला आख्खी मालिका एकदा 'नल' आउटपुटवर, फक्त एरर दाखवायला सांगून चालवा. ज्या क्रमांकावर तक्रार येईल तेवढ्याच फ्रेमचा जॉब परत पाठवा. फ्रेमच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन सुटे क्रमांक लिहिता येतात.